अवतार : द लास्ट एअरबेंडर

चिनी युद्धकला आणि मूलतत्त्वांवर सत्ता चालवण्याची कल्पना यांच्या आधारे रचलेली अमेरिकन अद्भुतरम्य ॲनिमेशन मालिका. मायकेल डान्टे डिमार्टिनो व ब्रायन कोनिएत्झ्को यांनी निर्माण केलेली ही मालिका निकलोडियन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ ते १९ जुलै २००८ या काळात दाखवली गेली. ‘जल’, ‘पृथ्वी’ आणि ‘अग्नी’ या तीन पर्वांत तिचे ६१ भाग असून प्रत्यक्ष चित्रांकन दक्षिण कोरियातील स्टुडिओंत झाले.

कथेतील जगात जल, पृथ्वी, अग्नी व वायू या तत्त्वांवर आधारलेली चार राष्ट्रे आहेत आणि प्रत्येक राष्ट्रातील काही माणसांना आपापले तत्त्व शरीराच्या हालचालींनी वळवता येते. या विद्येला ‘बेंडिंग’ म्हणतात. चारही तत्त्वे वश करू शकणारा एकटा ‘अवतार’ असतो. बारा वर्षांचा वायुभिक्षू आंग शंभर वर्षे हिमात गोठून राहतो आणि तेवढ्या काळात अग्निराष्ट्राने त्याच्या समाजाचा संहार केलेला असतो. अग्निराष्ट्राने छेडलेले युद्ध थांबवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

मालिकेचे खरे बळ या विद्येच्या मांडणीत आहे. सिफू किसू या युद्धकला-सल्लागाराच्या मदतीने प्रत्येक तत्त्वाला वेगळी चिनी शैली दिली गेली: प्रतिस्पर्ध्याचा जोर वळवून परतवणारी ताई ची जलाला, लांब व आक्रमक फटक्यांची उत्तरी शाओलिन अग्नीला, वर्तुळाकार पदन्यासाची बागुआझांग वायूला आणि जमिनीत पाय रोवून लढणारी हुंग गार पृथ्वीला. सोलापूर-कोल्हापूरकडच्या तालमींत वस्ताद डावाआधी पवित्रा पक्का करून घेतो, त्याच क्रमाने येथेही बैठक आधी आणि चमत्कार नंतर येतो, म्हणून जादू असूनही ती कमावलेली वाटते. पावलांना जाणवणाऱ्या कंपनांवरून भोवताल ओळखणारी अंध टॉफ हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण होय.

भारतीय वाचकाला नाव परिचित वाटले, तरी येथील अवतार दशावतारांपेक्षा तिबेटी बौद्ध परंपरेतील पुनर्जन्म घेणाऱ्या लामांना जवळचा आहे. बालपणी पूर्वजन्मातील वस्तू नेमक्या निवडल्यावरून आंगची ओळख पटते, हा प्रसंगही त्याच परंपरेतून आला आहे. योगशास्त्राचा प्रभाव मात्र थेट आहे. दुसऱ्या पर्वात गुरू पाथिक त्याला सात चक्रे उघडण्यास शिकवतात; त्यांतील पहिली चार अनुक्रमे पृथ्वी, जल, अग्नी व वायूशी जोडलेली असून पाचवे ध्वनीचे आहे. भारतीय दर्शनांत शब्द हा आकाशाचा गुण मानला जात असल्यामुळे, चार राष्ट्रांच्या रचनेत न आलेले पाचवे महाभूत येथे सूचित होते, असे म्हणता येते.

अखेरीस आंग अग्निसम्राट ओझाईला ठार न मारता त्याची विद्या काढून घेतो. मुलांसाठीच्या मालिकेत अहिंसेचा प्रश्न इतक्या गांभीर्याने क्वचितच हाताळला गेला असेल. मालिकेला पीबडी पुरस्कार मिळाला. तिच्यावर आधारलेल्या एम. नाइट श्यामलन यांच्या २०१० च्या चित्रपटावर, विशेषतः पात्रनिवडीवर, कठोर टीका झाली. ‘द लेजंड ऑफ कोरा’ (२०१२–१४) ही उत्तरमालिका मात्र मूळ कल्पनेला पुढे नेणारी ठरली. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेली मालिकेची नवी आवृत्ती प्रदर्शित केली.