शिवणीतली नाममुद्रा

साहित्याच्या अभ्यासकाला ‘ही कृती कोणाची?’ हा प्रश्न परिचयाचा असतो. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा असो वा मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव असो, कृतीमागे एक कर्ता असतो हे आपण गृहीत धरतो. वस्त्राच्या बाबतीत हे गृहीतक फार उशिरा आले. मारी आंत्वानेत राणीची रोझ बेर्तँ यांसारखे अपवाद वगळता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला उंची पोशाख ओळखला जाई तो परिधान करणारीच्या नावाने. गिऱ्हाईक कापड निवडी, शिवणाऱ्या बाईला काय हवे ते सांगे, आणि ती बाई हुकूम पाळी. हे नाते उलटे करण्याचे श्रेय प्रामुख्याने चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याला दिले जाते. त्याच्याविषयी आम्हाला येथे थोडे लिहावयाचे आहे.

वर्थचा जन्म 1825 मध्ये इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या बोर्न या गावी झाला. वकील असलेल्या वडिलांचे दिवाळे निघाले आणि शिक्षण सुटून अकरा-बारा वर्षांचा मुलगा कामाला लागला. लंडनच्या ‘स्वॅन अँड एडगर’ या कापडाच्या दुकानात त्याने उमेदवारी केली. फावल्या वेळी तो नॅशनल गॅलरीत जाऊन जुन्या व्यक्तिचित्रांतले पोशाख न्याहाळी. विशीच्या आसपास, फ्रेंच भाषा जेमतेम येत असताना, तो पॅरिसला गेला आणि पुढे ‘गाझलँ’ या रेशमी कापडाच्या पेढीत विक्रेता झाला. तेथेच काम करणाऱ्या मारी व्हेर्ने हिच्या अंगावर शाली घालून त्या गिऱ्हाइकांना दाखवल्या जात. शाल उठून दिसावी म्हणून वर्थने तिच्यासाठी साधे झगे बेतले, आणि गिऱ्हाइके शालीऐवजी झग्यांचीच चौकशी करू लागली. पुढे मारी त्याची पत्नी झाली. 1855 च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात त्याच्या रचनेला पदक मिळाले. परंतु ती मांडली गेली होती पेढीच्या नावाने.

1858 मध्ये ऑटो बॉबर्ग या स्वीडिश भागीदारासह वर्थने ‘रू द ला पे’ या रस्त्यावर स्वतःचे दालन उघडले. ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी पाउलीन मेटर्निख हिच्याकडे रचनांची वही घेऊन गेली ती मारीच. राजदूतपत्नीने प्रत्येकी 300 फ्रँकच्या बोलीवर दोन झगे सांगितले. त्यांपैकी एक राजवाड्यात सम्राज्ञी यूजेनीच्या नजरेस पडला आणि वर्थला बोलावणे आले. एवढ्या स्वस्तात त्याचा झगा मिळण्याचे दिवस तेथेच संपले.

यानंतर गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिवणाराने ऐकावे, हा क्रम बदलला. रचना वर्थने आधी करावी, ती तरुणींच्या अंगावर दाखवावी आणि गिऱ्हाइकाने त्यातून निवड करावी, अशी रीत पडली. पोशाखाच्या कमरपट्टीत आतून पेढीचे नाव येऊ लागले. पुढे ते सहीसारख्या अक्षरांत विणले गेले. 1892 मध्ये नादारने काढलेल्या छायाचित्रात वर्थ रेम्ब्रांटच्या थाटाची टोपी आणि अंगरखा घालून बसलेला दिसतो. आपण कारागीर नसून कलावंत आहोत, हे त्याला जगाला सांगावयाचे होते.

मात्र नाममुद्रा जितके सांगते तितकेच झाकतेही. भरभराटीच्या काळात वर्थकडे बाराशेच्या आसपास माणसे काम करीत होती. रेशीम लियोंच्या मागांवरून येई. 1870-71 च्या युद्धकाळात बॉबर्ग बाहेर पडला आणि पाटीवर वर्थ हे एकच नाव उरले. मारीचे नाव तर त्या चिठ्ठीवर कधी आलेच नाही. दरिद्री उमेदवाराच्या उत्कर्षाची ही कथा खरी आहे. पण ती एकट्याची कथा म्हणून सांगितली जाते, यात त्या विणलेल्या सहीचा वाटा मोठा आहे, असे आम्हाला वाटते.

एमिल झोलाने हे सारे जवळून पाहिले होते. 1872 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या त्याच्या ‘ला क्युरे’ या कादंबरीतला वर्म्स हा शिंपी वर्थवरूनच बेतलेला आहे. नायिका रने त्याच्यासमोर मुकाट उभी राहते आणि तो प्रतिभेची वाट पाहतो. येथे लेखक कोण आणि कोरा कागद कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. कादंबरी संपते ती रनेच्या मृत्यूनंतर तिच्या बापाने फेडलेल्या वर्म्सच्या बिलाच्या आकड्यावर: 2,57,000 फ्रँक. सहीची किंमत किती आणि ती कोण चुकवतो, याचा हिशेब झोलाने इतक्या लवकर मांडून ठेवला होता.