मूळ रंगाचा पाठ

जुनी मोटार पूर्ववत करू पाहणाऱ्याला इंजिनापेक्षा रंग अधिक छळतो. फोर्डच्या 'मॉडेल टी'चेच पाहा. ग्राहकाने हवा तो रंग निवडावा, फक्त तो काळा असावा, अशा अर्थाचे विधान आपण १९०९ मध्ये केल्याचे हेन्री फोर्ड यांनी १९२२ च्या 'माय लाइफ अँड वर्क'मध्ये नमूद केले आहे. प्रत्यक्षात १९०९ च्या गाड्या लाल, करड्या, हिरव्या होत्या. पुढे गडद निळ्या आल्या. निव्वळ काळ्याचे राज्य १९१४ ते १९२५ एवढेच. तेव्हा ग्रंथप्रामाण्य मानून १९१० ची गाडी काळी करणे म्हणजे संहितेत प्रक्षिप्त पाठ घुसडणेच होय.

छायाचित्रांचा आधार घ्यावा, तर कृष्णधवल चित्रात गडद हिरवाही काळाच दिसतो. म्हणून आसनाखाली, जिथे ऊन पोहोचले नाही तिथे, एकेक थर हलकेच घासून शोध घ्यावा लागतो. तेथेही फसगत आहेच: वरचे वॉर्निश कालांतराने पिवळे पडते आणि खालचा निळा हिरवट भासू लागतो. (हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही व्यथा नवी नाही.)

बरे, काळा तरी एकच कुठे होता? सुटे भाग रंगात बुडवून काढीत, बॉडीवर तो ओतीत; मिश्रणे निरनिराळी. आजच्या आरशासारख्या चकाकत्या काळ्याचे त्यांच्याशी नाते नाही. पुष्कळांना मात्र तोच भावतो. जुना थर एकदा खरवडला की पुरावा संपला. म्हणून रंगवणाऱ्याने आसनाखाली निदान वीतभर जागा तशीच सोडावी.