यंत्रांतील यंत्रें आणि शेव्याचा धक्का

उरणचा इतिहास म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें मिठागरें, मोऱ्याचें बंदर, घारापुरीचीं लेणीं आणि १९३० सालचा चिरनेरचा जंगल सत्याग्रह हीं चित्रें उभीं राहतात. १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांनीं दिलेला लढा व त्यांतील पांच बळी यांचेंही स्मरण या तालुक्यास आहे. परंतु याच किनाऱ्यावर २०१७ च्या जून महिन्यांत एक असा प्रसंग घडला कीं, ज्यांत ना भिंत पडली, ना जहाज बुडालें. तरी एक मोठा धक्का स्तब्ध झाला. त्या प्रसंगाचा अर्थ नीट लावावयाचा तर संगणकाच्या इतिहासांतील एक नवलाचें प्रकरण उलगडावें लागतें. तें प्रकरण म्हणजे यंत्राच्या पोटीं यंत्र निर्माण करण्याच्या विद्येचें.

१९६० च्या सुमारास संगणक ही अत्यंत महाग वस्तु होती. त्याच सालीं उरणसमोरच्या पाण्यापलीकडे मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हें भारतीय बनावटीचें यंत्र कार्यान्वित झालें. एवढें मोलाचें यंत्र एकाच्याच हातीं अडकून राहूं नये, हा प्रश्न त्या काळीं सर्वत्र पडला होता. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील केंब्रिज येथें आय.बी.एम. कंपनीच्या रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो प्रभृति तंत्रज्ञांनीं त्यास धाडसी उत्तर दिलें. त्यांची ‘सीपी-४०’ ही प्रणाली १९६७ च्या जानेवारींत प्रत्यक्ष कामास लागली. यंत्र एकच, पण त्यावर बसलेल्या प्रत्येकास संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचेंच आहे असा भास होई. या भासमय यंत्रासच पुढें ‘आभासी यंत्र’ हें नांव रूढ झालें. १९७२ सालीं ‘व्हीएम/३७०’ या नांवानें ही विद्या बाजारांत आली, आणि १९७४ सालीं पोपेक व गोल्डबर्ग या दोघांनीं तिचें शास्त्र सांगितलें. त्यांच्या कसोट्या तीन: आभासी यंत्रावर कार्य खऱ्या यंत्रावर चालतें तसेंच चालावें, साधनांवरील ताबा सर्वस्वी नियंत्रकाचा असावा, आणि बहुतेक आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीवांचून थेट पार पडाव्या.

पुढें संगणक स्वस्त झाले, घरोघर गेले, व ही विद्या कांहीं काळ मागें पडली. शिवाय इंटेलच्या घरगुती चिपेंत कांहीं आज्ञा अशा होत्या कीं, त्या नियंत्रकास वर्दी न देतां भलतेंच उत्तर देत. त्यामुळें तेथें हा प्रयोग अशक्यप्राय समजला जाई. तिचें पुनरुज्जीवन स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालें, तें कसें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मेंडेल रोझेनब्लम यांच्या मंडळींनीं १९९७ सालीं ‘डिस्को’ नांवाचा नियंत्रक प्रसिद्ध केला. ज्या महायंत्रासाठीं तो लिहिला, तें त्यांस अद्याप उपलब्ध नव्हतें. म्हणून त्यांनीं ‘सिमॉस’ या आपल्याच अनुकृति-साधनांत त्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभारून तीवर परीक्षा घेतली. म्हणजे वस्तु हातीं येण्यापूर्वीं नकलेनेंच तिची वाट झाडून ठेविली! १९९८ सालीं याच मंडळींतून ‘व्हीएमवेअर’ कंपनी निघाली. त्या अडेल आज्ञांचें चालतां चालतां भाषांतर करण्याची युक्ति तिनें योजिली, आणि २००१ पासून सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रें नांदूं लागलीं. मागून २००३ सालीं ‘झेन’ व २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत ‘केव्हीएम’ आलें.

उरणच्या शेतकऱ्यास यांतील मर्म सांगावयास नको. खारजमिनींत बांध एक आणि त्याच्या आंत शेतें अनेक. प्रत्येकाचा तुकडा निराळा, पीक निराळें. पण बाहेरच्या बांधास खांड पडली म्हणजे भरतीचें पाणी कोणाचें शेत कोणतें हें विचारीत नाहीं. एका लोखंडी पेटींत पन्नास सर्व्हर नांदविल्यानें खर्च वांचतो. पण त्यांचें दैवही एकत्र बांधलें जातें.

या व्यवस्थेंत आणखी एक वर्ग आहे, तो ‘प्लग-इन’ रचणाऱ्यांचा. मूळ नियंत्रण-प्रणालीस नवी सोय जोडणारी ही पूरक जोड बहुधा तिऱ्हाइताच्या हातची असते, व तिला मूळ प्रणालीचेच पुष्कळसे अधिकार द्यावे लागतात. उघाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देण्यासारखेंच हें आहे. म्हणून अशी जोड खऱ्या यंत्रसमूहास लावण्यापूर्वीं नकली समूहावर पारखण्याची चाल पडली. व्हीएमवेअरच्या प्रणालीची नक्कल करणारें ‘व्हीसीसिम’ हें साधन याच कामाचें: एकही खरा सर्व्हर न बाळगतां तें शेंकडो सर्व्हर असल्याप्रमाणें उत्तरें देतें. मात्र नक्कल तेवढेंच जाणते जेवढें तिच्या कर्त्यास ठाऊक होतें.

आतां त्या प्रसंगाकडे वळूं. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नांवाचा विध्वंसक कार्यक्रम युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या विश्वासू अद्ययावतीकरणांतून बाहेर पडला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचें जगभरचें संगणकजाळें त्यानें उद्ध्वस्त केलें, आणि १९८९ सालीं सुरू झालेल्या आमच्या शेव्याच्या बंदरांतील त्याच समूहाच्या धक्क्याचें काम खोळंबलें. यारी उभीच होती; पण कोणता कंटेनर कोठें ठेवावा हें सांगणारी स्मृतीच नाहींशी झाली होती. यांत आभासी यंत्रांच्या विद्येचा दोष नाहीं. दोष होता प्रतिबिंबास राखीव ठेवा मानण्याचा. त्या कंपनीच्या जाळ्यांतील ओळख पटविणारे मुख्य सर्व्हर एकमेकांच्या प्रती राखीत असत. पण सर्वच जोडलेले असल्यानें सर्वच एकदम पुसले गेले. घाना देशांतील एक तेवढा वांचला, कारण ऐन वेळीं तेथील वीज गेली होती! नंतर सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानें उभारावे लागले.

या इतिहासाचा बोध आमच्या मतें असा. नक्कल दोन प्रकारची असते. एक मुळाशीं जखडलेली. ती मुळाबरोबरच बुडते. दुसरी मुळापासून अलग. तिच्यावर संकटाची तालीम करतां येते व तिच्याच आधारें मूळ पुन्हां उभारतां येतें. शहाणा खारकरी बांधाची डागडुजी पावसाळ्यापूर्वीं करतो, खांड पडल्यावर नव्हे. ज्या किनाऱ्यानें आपल्या जमिनी देऊन हें बंदर उभें केलें, त्याच्या मुलांनीं त्यावर केवळ ओझीं मोजण्याचें काम करावें हें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. या अदृश्य बांधाची राखणही त्यांनीं शिकावी, एवढीच आमची इच्छा आहे.