भीतीचे दुखणे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मजकडे एखादी पाककृती मागितली जाते, आणि मीही ती मुकाट्याने देते. या वर्षी संपादक भगिनींनी सांगितले, "यंदा इतिहासावर काही लिहा." राजेरजवाड्यांचा इतिहास जाणत्यांनी पुष्कळ लिहिला आहे. मी एका दुखण्याचा इतिहास लिहिते. हे दुखणे माझ्या घरात दोन पिढ्या राहून गेले. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी ते निरनिराळ्या नावांनी आजही राहत असेल, म्हणून हा प्रपंच.

सन १९९३ ची गोष्ट. महालक्ष्म्यांचे सारे उरकून मी अनंत चतुर्दशीसाठी लातूरला माहेरी गेले होते. विसर्जन पाहून उशिरा निजलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, जमिनीच्या पोटातून गडगडाट आला आणि फडताळातली भांडी धडाधड खाली आली. आई, मी आणि माझी धाकटी मुलगी अंगणात कशा आलो ते मला आजही सांगता येणार नाही. उजाडल्यावर बातमी आली की औसा तालुक्यातले किल्लारी राहिले नाही. त्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी मोजणीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे पार कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद हीच निजलेल्या माणसांवर पडली.

आमचे घर उभे राहिले. कोणाला खरचटलेही नाही. देवाची कृपा म्हणून आम्ही हात जोडले, आणि चार दिवसांनी मी औरंगाबादला परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, उभी असताना जमीन हलली. मी किंचाळून मुलीला घेऊन बाहेर धावले. गल्लीत सगळे शांत होते. शेजारीण अंगणात रांगोळी घालीत होती.

त्या दिवसापासून जवळजवळ अडीच वर्षे माझ्या पायाखालची जमीन होडीसारखी डुलत राहिली. उभे राहिले की डुले, जिना चढताना अधिक डुले, गर्दीत तर भिंत धरावी लागे. टांगलेला दिवा हलतो का, हे मी दिवसातून पन्नासदा पाही. कान तपासले, रक्त तपासले, मानेचे फोटो काढले. सर्व ठीक. एका मोठ्या दवाखान्यात मला सांगण्यात आले, "बाई, तुम्हाला काही झालेले नाही. मनाचे खेळ आहेत." मी घरी येऊन रडले. कारण मी खोटे बोलत नव्हते. जमीन खरोखरीच हलत होती.

या अडीच वर्षांत जे गेले ते परत येणारे नव्हते. १९९५ च्या दिवाळीनंतर आई आजारी पडली. लातूरच्या त्या घरात पाऊल टाकायचे, या विचारानेच मला घेरी येई. तीन वेळा पिशवी भरली आणि तीन वेळा रिकामी केली. जानेवारी १९९६ मध्ये आई गेली, तेव्हा मी पोहोचले. तिच्या उशाशी बसायला मात्र पोहोचले नाही.

आता थोडे मागे जाते. माझ्या सासूबाईंना रोज दिवेलागणीला पोटात कळ येई. ओवा झाला, हिंग झाला, वैद्य झाले, डॉक्टर झाले. कळ येई, तासभर राही आणि जाई. त्या म्हणत, "दाराची कडी लावली की पोटात पीळ पडतो." आम्ही सुना आपसात हसत असू. कामाच्या वेळेला बरोबर कळ येते, असेही मी एकदा बोलले होते. त्यांचे लग्न १९४७ साली झाले. सासर खेडेगावी आणि मुलूख निजामाचा. रझाकारांच्या त्या वर्षात संध्याकाळ झाली की दाराला कडी, कडीमागे अडसर, आणि बायका आतल्या खोलीत अंधारात बसलेल्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या मुसलमान घरांतील बायकांवर तीच पाळी आली, त्याही तशाच अंधारात बसल्या, हे सासूबाई आवर्जून सांगत. म्हणजे त्या वर्षी भीतीने कोणताच उंबरा सोडला नाही. सत्ता गेली, रझाकार गेले, पण सासूबाईंच्या पोटाला ते कोणी कळविलेच नाही. कडी वाजली की ते चाळीस वर्षे आपले काम करीत राहिले. १९८९ साली त्या वारल्या. त्यांच्या पोटातली ती कळ काय होती, हे मला पुढे सात वर्षांनी समजले.

समजावणारी एक साधी डॉक्टरीण होती. तिने प्रथम माझे सगळे कागद नीट वाचले आणि मग म्हणाली, "तुमची चक्कर खरी आहे. पण तुमच्या कानात किंवा मेंदूत काही मोडलेले नाही. पहारेकरी जागा राहिला आहे, इतकेच."

आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. औरंगजेबाने १६८२ साली तट बांधविला, आणि रात्री दरवाजे बंद करून त्यांवर पहारे बसत. समजा, शत्रू निघून गेला आणि ते दरवाज्यावरच्या शिपायाला कोणी सांगितले नाही. तो भाजीची गाडी आली तरी दार लावील, वऱ्हाड आले तरी भाला रोखील. त्याला वेडा म्हणता येणार नाही. तो इमानी आहे, पण त्याच्यापायी शहर उपाशी मरेल. आपल्या मज्जासंस्थेत असाच एक पहारेकरी असतो.

तोल सांभाळण्याचे काम कान, डोळे आणि तळपाय तिघे मिळून करतात. स्वस्थ उभा राहिलेला माणूससुद्धा किंचित हलत असतो. एरवी मेंदू ते हलणे मनावर घेत नाही. मोठा धक्का बसल्यावर मात्र तो तेवढेही हलणे भूकंप समजू लागतो. मग आपण पाय ताठ करतो, मान आवळतो, श्वास भराभर घेतो. अंग ताठ झाले की तोल अधिकच बिघडतो. तोल बिघडला की भीती वाढते आणि भीती वाढली की पुन्हा अंग ताठ होते. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते. मूळ धक्का एका मिनिटाचाही नसतो. दुखणे वर्षानुवर्षे चालते ते या फिरण्यामुळे.

हे ऐकल्यावर मला वाचनाचा नाद लागला. प्रथम वाचनालयातून आणि अलीकडे नातीच्या मोबाइलवरून जे मिळाले ते वाचले. त्यातले थोडे येथे देते.

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी त्या किरणांनी मांजराच्या जठराची हालचाल पाहत होता. मांजर घाबरले वा चिडले की जठराची हालचाल थांबे आणि शांत झाले की पुन्हा सुरू होई. भीतीने पोटाचे काम थांबते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि १९१५ साली भीती, भूक, वेदना व क्रोध यांनी शरीरात होणाऱ्या फरकांवर ग्रंथ लिहिला. ते वाचताना सासूबाईंची आठवण येऊन मी पुस्तक मिटून ठेवले.

त्याच सुमारास पहिल्या महायुद्धातले सैनिक खंदकांतून परत येत होते. कोणाचे हात थरथरत, कोणाची वाचा गेलेली, कोणाचे पाय लुळे, आणि अंगावर जखम नाही. प्रथम वाटले की तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदू दुखावला असावा, म्हणून त्याला शेलशॉक म्हणू लागले. पण ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता, त्यांनाही तेच होई. त्यांतल्या काहींना तर भित्रे आणि ढोंगी म्हणून शिक्षा झाल्या.

१९२४ च्या सप्टेंबरात रशियात लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि पावलॉव्ह या शास्त्रज्ञाचे कुत्रे पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचले. पुढे त्यांतला एक कुत्रा शिकविलेले सारे विसरला. पुष्कळ मेहनतीने ते परत आले. मग एकदा मुद्दाम दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडली, तो कुत्रा पुन्हा थरथरू लागला आणि शिकलेले पुन्हा गेले. धार बोटभर होती, पण कुत्र्याला ती महापूर वाटली. माझा हलणारा दिवा आणि सासूबाईंची कडी यांहून निराळी काय होती?

१९९५ साली इंग्लंडातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका गवंड्याची हकीकत आली. त्याने वरून उडी मारली ती सहा इंची खिळ्यावर, आणि खिळा बुटातून आरपार बाहेर आला. वेदना इतकी की औषध देऊन गुंगी आणावी लागली. बूट काढून पाहिले, तो खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. तरी त्याची वेदना खोटी नव्हती. वेदना ही जखमेची मोजणी नसते. धोका किती आहे, याचा तो मेंदूने केलेला अंदाज असतो.

माझी चक्कर एकटीची नव्हती, हेही पुढे कळले. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर तेथे असंख्य लोकांना जमीन हलल्याचा भास होत राहिला, आणि तेथील डॉक्टरांनी त्यावर अभ्यास प्रसिद्ध केले. २०१७ साली तर अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या चकरेची लक्षणे जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवून दिली. मला "मनाचे खेळ" म्हणून ज्याने परत पाठविले, त्याच्यापाशी त्या वेळी हे नाव नव्हते. आता त्याच्यावर माझा राग नाही.

आता उपायाचे सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांना असे आढळले की चक्कर येणारे जे सैनिक अंथरुणात पडून राहत, ते पडूनच राहत. जे लवकर हालचाल करीत, ते लवकर बरे होत. म्हणून त्यांनी चक्कर आणणाऱ्या हालचालीच थोड्या थोड्या करवून घेतल्या. माझ्या डॉक्टरीणबाईंनीही मला तेच दिले. आधी बसून मान फिरवायची, मग उभे राहून, मग चालत. चक्कर येईल, येऊ द्या. पळू नका, भिंत धरू नका, आणि मनात म्हणा की हा भूकंप नव्हे, पहारेकऱ्याची हाक आहे.

येथे आपल्या मंडळाची गोष्ट येते. त्या वेळी आपली खोली वरच्या मजल्यावर होती. मला जिना चढवत नाही म्हणून भगिनींनी प्रेमाने भजन खाली ओसरीवर आणले होते. कोणी माझा हात धरी, कोणी खुर्ची देई. मी त्यांची ऋणी आहे. पण त्या मायेने माझा पहारेकरी आणखीच घाबरला. एवढ्या बायका सांभाळतात, त्या अर्थी धोका मोठाच असला पाहिजे, असे त्याने धरले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मी आपल्या तेव्हाच्या अध्यक्षबाईंच्या कानावर घातले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी भजन पुन्हा वर नेले आणि मला म्हणाल्या, "मी पुढे चालते, तू मागून ये. हात मात्र देणार नाही." बावीस पायऱ्या होत्या. पहिल्या शुक्रवारी सहा चढले आणि तिथेच बसून भजन ऐकले. वरच्या पायरीवर पोहोचायला नऊ शुक्रवार लागले. वर गेल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी फक्त टाळ माझ्या हातात दिले.

चक्कर एका दिवसात गेली नाही. कधी कमी, कधी जास्त, असे करीत वर्षभराने ती विरळ झाली. आजही ढगांचा गडगडाट झाला की मी दिव्याकडे पाहते, आणि मग स्वतःशीच हसते. २०२१ साली अमेरिकेत कोलोराडोमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाठदुखीने वर्षानुवर्षे त्रासलेल्यांना महिनाभर एवढेच शिकविले की ही वेदना इजेची नसून चुकलेल्या इशाऱ्याची आहे, म्हणून तिला भिऊ नये. पन्नासपैकी तेहेतीस जणांची पाठदुखी जवळजवळ गेली. नेहमीचेच उपचार घेत राहिलेल्या पन्नासांत असे पाचच निघाले. सतराजणांना त्या शिकवणीनेही पुरता गुण आला नाही, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून भगिनींनो, कोणतेही नवे दुखणे आले तर ते भीतीचे आहे असे आपणच ठरवू नका. छातीत कळ, अचानक आलेला लुळेपणा, ताप, घटत जाणारे वजन यांसाठी आधी डॉक्टर गाठा आणि तपासण्या करा. परंतु सगळे ठीक निघाल्यावरही दुखणे राहिले, तर ज्या बाईला ते होते तिला "काही नाही" म्हणू नका. तिचे दुखणे खरे आहे. तिला जपण्याच्या भरात घरात कोंडूनही ठेवू नका. पुढे चाला आणि तिला मागून येऊ द्या.

सासूबाईंच्या वेळी हे मला ठाऊक असते, तर दिवेलागणीला मी हसले नसते. कडी लावण्याआधी त्यांच्याजवळ बसले असते, मग त्यांच्याच हाताने ती लाववली असती आणि पुन्हा उघडायलाही लावली असती. दाराबाहेर आता कोणी उभे नाही, हे त्यांच्या पोटाला रोज थोडे थोडे कळले असते. ते राहून गेले. आपल्या मंडळातल्या कोणा सुनेचे तसे राहू नये, म्हणून या वर्षी पाककृतीऐवजी हे लिहिले.