प्रस्तावना: माग आणि शेजार

टेरी टॉवेल विणताना मागावर ताण्याचे दोन भीम, म्हणजे उभे सूत गुंडाळलेले रूळ, लागतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. पहिले दोन आडवे धागे विणलेल्या कापडापासून जरा लांब राखतात. तिसरा भरला की फणी तिन्ही एकदम पुढे ठोकते आणि सैल ताण्याचे फास वर उभे राहतात. पाणी शोषतात ते हेच.

सोलापुरात असा टॉवेल अनेकदा एका छपराखाली पुरा होत नाही. सूत एकाकडचे, रंगणी दुसऱ्याकडे, भीम भरणारा तिसरा, कड शिवणारी आणखी कोणी. एकेकटे छोटे असलेले हे धंदे शेजारामुळे मोठे होऊ शकतात का, हा उद्योगसमूहांच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्येच दाखवले की, एका गावात एकवटलेल्या धंद्याला कुशल हात, पूरक व्यवसाय आणि कानोकानी पसरणारी माहिती आयती मिळते. शंभरएक वर्षांनी हुबर्ट श्मिट्झ यांनी त्यात मोलाची भर घातली: जवळिकीचा फायदा आपोआप होतो, एकजुटीचा मात्र मुद्दाम मिळवावा लागतो. मराठी वाचकाने तरी सुरुवात धनंजयराव गाडगीळांच्या सोलापूर शहरावरील ग्रंथापासून (१९६५) करावी. त्याला जोडून डग्लस हेन्स यांचे २०१२ चे पुस्तक वाचावे. पश्चिम भारतातले छोट्या गावांतले विणकर बाजारासोबत कसे बदलत गेले, ते त्यात आहे.

सोलापूरची ही वीण कोणा योजनेने घातलेली नाही. १८७७ मध्ये, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी निघाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पुढे गिरण्या बंद पडल्या तरी शहराच्या पूर्व भागातले माग चालत राहिले. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नाव सर्वांचे झाले की ते राखायचे कोणी? एकाने हलक्या सुताचा माल त्याच नावाने खपवला, तर पत साऱ्या गावाची जाते.

सरकारी योजनांतून सामाईक सुविधा केंद्राला अनुदान मिळते, आणि अहवालांत यंत्रांच्या याद्या छापल्या जातात. माझ्या मते त्या याद्यांपेक्षा केंद्राच्या सभासदांच्या बैठकांची इतिवृत्ते वाचावीत. दिवाळीच्या तोंडावर कोणाचे सूत आधी रंगवायचे? ऑर्डरी आटल्या तर वीजबिल कोणी भरायचे? रंगणीच्या सांडपाण्याचे उदाहरण तर ठळकच: शुद्धीकरणाचा खर्च एकट्या रंगाऱ्याला झेपत नाही, पाच-पंचवीस जणांना मिळून झेपू शकतो, मात्र प्रत्येकाने आपले पाणी खरे मोजून सांगायला हवे. मग मीटरवरून भांडणे होतात. ती टिपून ठेवावीत. हाही अभ्यासाचाच ऐवज.

नव्या अभ्यासकाने कारखानदारांच्या संघटनेत जाण्याआधी एखाद्या भीम भरणाऱ्याकडे बसावे. किती मालक त्याच्याकडे येतात, कोणाची उधारी किती दिवस चालते, कोण कोणाला सूत उसने देतो, हे त्याच्याकडून कळेल. टॉवेलची कड शिवणाऱ्या बाईला नगामागे काय मिळते, हे मात्र तोही सांगू शकणार नाही. त्यासाठी तिच्याच घरी जावे लागेल.