नावापुढची खूण

1970 च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कला महाविद्यालयात डेबोरा विलिस ही काळी विद्यार्थिनी फोटोग्राफी शिकत होती. तिने प्रश्न विचारला : इतिहासाच्या पुस्तकांत काळे फोटोग्राफर का नाहीत? तिथल्याच एका प्राध्यापकाने तिला ऐकवले होते की, ती एका चांगल्या पुरुषाची जागा अडवून बसली आहे. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. गुणवत्तेचे कैवारी सगळीकडे सारखेच बोलतात.

विलिस यांनी जुन्या शहर-डिरेक्टऱ्या चाळायला घेतल्या. त्यांत काळ्या व्यावसायिकाच्या नावापुढे वंश सांगणारी खूण छापलेली असे. माणूस वेगळा काढण्यासाठीच ती होती. विलिस यांनी त्याच खुणेवरून नावे वेचली. सिनसिनाटीचा जे. पी. बॉल, हार्टफर्डचा ऑगस्टस वॉशिंग्टन अशा काळ्या माणसांचे स्टुडिओ 1865 मध्ये गुलामी संपण्याआधीच चालू होते! 1840 ते 1940 या शतकातल्या काळ्या फोटोग्राफरांची त्यांनी केलेली सूची 1985 मध्ये पुस्तकरूपाने आली. पीएच.डी. त्यानंतरची. 1980 पासून बारा वर्षे त्यांनी हार्लेममधल्या शॉम्बर्ग ग्रंथालयात छायाचित्रे सांभाळली, मग न्यूयॉर्क विद्यापीठात प्राध्यापकी केली. 2000 साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

या कामाला ‘जुने फोटो गोळा करणे’ म्हणणाऱ्यांनी 1850 ची गोष्ट लक्षात घ्यावी. काळे लोक मुळातच वेगळे आणि हलके आहेत हे सिद्ध करायला हार्वर्डचे शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या गुलाम स्त्री-पुरुषांना उघडे करून त्यांचे फोटो काढवून घेतले. त्याच काळात बॉलच्या स्टुडिओत माणसे आपल्या मर्जीने, नीटनेटक्या कपड्यांत बसत होती. हार्वर्डचे फोटो संग्रहालयात राहिले. बॉलचे नाव मात्र शोधून काढावे लागले.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी काळ्या अमेरिकनांचे साडेतीनशेहून अधिक फोटो मांडले. वकील, विद्यार्थिनी, दुकानदार, घरासमोर उभी कुटुंबे. अगासीला दिलेले ते उत्तरच होते, असे आम्ही मानतो. 2003 मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकात विलिस यांचा लेख आहे. हेच ते डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या.

आपल्याकडेही इंग्रज सरकारने 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यात माणसे जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. ते खंड ग्रंथालयांत जपलेले आहेत. आपल्या आजोबांनी कोट घालून, आजीला शेजारी बसवून काढलेला फोटो मात्र पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते आहे. त्याच्या मागे बहुधा स्टुडिओचा शिक्का असतो, कधी गावाचे नाव, कधी तारीखही. आम्ही आमच्या वस्तीतल्या पेट्यांपासून सुरुवात केली आहे. तुमच्या घरातला फोटो उलटा करून बघा आणि मागे जे लिहिलेले असेल ते आजीला विचारून वहीत उतरवा. आजी आहे तोवर.