भारतातील निरोगी बटाटा-बेणे निर्मिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बटाट्याची लागवड प्रामुख्याने कंदापासून होते. त्यामुळे मातृझाडातील विषाणू बेण्यावाटे पुढील पिढीत उतरतात व उत्पादन वर्षागणिक घटत जाते. या ऱ्हासाला दीर्घकाळ हवामान वा जमीन कारणीभूत मानली जात असे. मावा ही कीड विषाणूंचा प्रसार करते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील संशोधनातून स्पष्ट झाले. भारतात या ज्ञानाचा उपयोग कसा झाला, याचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

डोंगराकडून मैदानाकडे :
दुसऱ्या महायुद्धापर्यंत भारतात युरोपातून बेणे येत असे. युद्धामुळे हा मार्ग खुंटला व परावलंबनाचे दुष्परिणाम उघड झाले. १९४९ मध्ये पाटणा येथे केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली. १९५६ मध्ये तिचे मुख्यालय सिमल्यास हलविण्यात आले. थंड हवेमुळे डोंगराळ भागात माव्याचा उपद्रव कमी असे. म्हणून निरोगी बेणे तेथेच तयार होऊ शकते, अशी धारणा होती. परंतु तेथील क्षेत्र मर्यादित होते. शिवाय शरदात काढलेले कंद सुप्तावस्थेत असल्याने मैदानातील ऑक्टोबरच्या लागणीस उपयोगी पडत नसत.

डॉ. पुष्करनाथ यांनी विकसित केलेल्या 'सीड प्लॉट' तंत्राने ही कोंडी फोडली. उत्तरेकडील मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा अत्यल्प असतो. याच अवधीत निरोगी बेण्याचे पीक घ्यावयाचे, रोगट झाडे उपटून टाकावयाची आणि शंभर पानांमागे माव्याची संख्या वीसपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाला कापावयाचा, हे या तंत्राचे सार होय. कंद पुढील हंगामापर्यंत शीतगृहात ठेवले जातात. म्हणजेच जे संरक्षण पूर्वी उंचीत शोधले जात होते, ते आता ऋतुमानात सापडले.

प्रयोगशाळेचा टप्पा :
१९५५ च्या सुमारास फ्रान्समधील मोरेल व मार्टिन यांनी शेंड्याच्या अतिसूक्ष्म ऊतीपासून विषाणुमुक्त बटाट्याची रोपे मिळविली. पुढे एलायझा चाचणीमुळे डोळ्यांना न दिसणारा संसर्गही ओळखता येऊ लागला. आज ऊतीसंवर्धित रोपांपासून कीटकरोधक जाळीगृहात लघुकंद घेतले जातात. एरोपोनिक्स पद्धतीत मुळे मातीविना, पोषकद्रव्यांच्या फवाऱ्यात वाढतात. त्यामुळे मातीतून येणारे रोग टळतात. मात्र लघुकंदांचे पुढील गुणन अखेरीस शेतातच करावे लागते. म्हणून जुने तंत्र कालबाह्य ठरलेले नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ :
पुणे जिल्ह्यातील खेड-मंचर परिसरात बटाटा मुख्यत्वे खरिपात होतो व त्यासाठी पंजाबसारख्या राज्यांतून बेणे आणले जाते. बेणे ही लागवडीतील सर्वांत खर्चिक बाबींपैकी एक असल्याने त्याच्या दर्जाची जोखीम थेट शेतकऱ्यावर येते.

निष्कर्ष :
निरोगी बेण्याचा इतिहास केवळ उपकरणांचा नव्हे, तर किडीचे जीवनचक्र व पिकाचा काळ यांच्या सूक्ष्म निरीक्षणाचा आहे. प्रयोगशाळेतील शुद्धता प्रमाणित साखळीद्वारे सामान्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचली, तरच ते संशोधन सार्थकी लागेल.